बटवडा : मेलमधली फाइल गेली कुठं?

प्रश्न : काका, नमस्कार. आमची मणेराजुरीत (ता. तासगाव) पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे. फवारणी आणि मजूर मालक बघतात, कागदपत्रं आणि मोबाईल माझ्याकडे. यंदा माल बाहेरच्या देशात द्यायचा म्हणून रेसिड्यूसाठी, म्हणजे द्राक्षात फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिलाय ते तपासायला, नमुना लॅबला गेला होता. रिपोर्ट माझ्या जीमेलवर आला. रात्री घरी उघडला, दोघांनी बघितला, सगळं मर्यादेत होतं. निवांत झोपलो. सकाळी व्यापाऱ्याचा माणूस बागेत आला आणि म्हणाला, “वहिनी, रिपोर्ट व्हॉट्सॲपला टाका, साहेबांना दाखवतो, मग दराचं बोलू.” मी व्हॉट्सॲपमध्ये पिन दाबली, डॉक्युमेंटमध्ये गेले, तर रिपोर्ट नाहीच. गॅलरीत नाही, फाइल मॅनेजरात नाही. परत मेल उघडला तर नुसतं गोल गोल फिरतंय; आमच्या बागेत रेंज येत नाही. तो माणूस पाऊण तास थांबला आणि शेजारच्या बागेत निघून गेला. संध्याकाळी परत आला, सौदाही झाला, पण त्या पाऊण तासात मालकांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. रात्री उघडलेली फाइल सकाळी जाते कुठं? फोन अँड्रॉइडचा आहे.
— एक द्राक्ष बागायतदार, मणेराजुरी

उत्तर : ताई, तुमची फाइल कुठंही गेली नाही. ती तुमच्या हातात आलीच नव्हती. एवढं वाक्य मालकांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि मग पुढचं वाचा.

मी ३४ वर्षं टपालखात्यात काढली. आधी बटवड्याला, पुढं गुडघे कुरकुरायला लागल्यावर काउंटरला. त्यामुळे मोबाईलसुद्धा मला पोस्टाच्या चष्म्यातूनच दिसतो, त्याला इलाज नाही. पार्सल मोठं असलं की आम्ही घरी चिठ्ठी टाकायचो, पोस्टात येऊन घेऊन जा म्हणून. माणसं यायची. पार्सल बघायची, हलवून बघायची, “पोरानंच पाठवलंय, अक्षर त्याचंच आहे” म्हणून खूश व्हायची. आणि पिशवी आणली नाही, नाहीतर सही करायला चष्मा नाही, म्हणून पार्सल तिथंच ठेवून घरी जायची. एक आजोबा तर दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले, की घरातलं पार्सल हरवलं. घरी नेलंच नव्हतं, तर हरवणार कसं?

त्या रात्री तुम्ही नेमकं हेच केलंत. मेलमधल्या फाइलवर बोट ठेवलं, ती उघडली, तुम्ही बघितली. जीमेलनं ती तुम्हाला काउंटरवर दाखवली. दाखवण्यासाठी त्यानं तिची एक प्रत फोनमध्ये आणली हे खरं, पण ठेवली स्वतःच्या ड्रॉवरमध्ये. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःचा असा एक कुलूपबंद ड्रॉवर असतो. त्यात दुसऱ्या ॲपला हात घालता येत नाही. व्हॉट्सॲपला नाही, गॅलरीला नाही, फाइल मॅनेजरलाही नाही. पूर्वी फोनमध्ये याचं त्याला आणि त्याचं याला बऱ्यापैकी दिसायचं. २०२० साली आलेल्या अँड्रॉइड ११ पासून कुलपं जास्त कडक झाली. ते तुमच्या भल्यासाठीच आहे, नाहीतर फुकटातलं कुठलंही टॉर्चचं ॲप तुमच्या बँकेच्या मेलमध्ये डोकावलं असतं.

या ड्रॉवरला इंग्रजीत कॅश म्हणतात. पैशांची कॅश नव्हे, तिचं स्पेलिंग वेगळं आहे. पण एका बाबतीत दोन्ही सारख्या, आज आहे म्हणून उद्या असेलच असं नाही. फोनमधली जागा कमी पडायला लागली की फोन आधी हे ड्रॉवर रिकामे करतो, आणि ते करताना कुणाला विचारत नाही. म्हणून एखादी फाइल रात्री उघडते आणि सकाळी रेंज नसताना गोल गोल फिरते.

आता करायचं काय ते सांगतो. मेल उघडा. अगदी तळाला फाइलचं छोटं कार्ड दिसेल, त्यावर नाव आणि बहुतेक लाल रंगात पीडीएफ असं लिहिलेलं. त्या कार्डाच्या मध्यावर बोट ठेवलं तर फाइल नुसती दिसते. त्याच कार्डावर खाली तोंड केलेला एक बाण असतो, बाणाखाली आडवी रेघ. तो दाबायचा. काही फोनांत बाण दिसत नाही, तीन ठिपके दिसतात. ते दाबले की आत ‘सेव्ह’ किंवा ‘डाउनलोड’ अशी ओळ येते. फाइल आधीच उघडून बसला असाल तरी हरकत नाही, वर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, तिथंही डाउनलोड मिळतं. बाण दाबला की स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर तसाच एक बारका बाण हलतो आणि थांबतो. पट्टी खाली ओढून बघा, ‘डाउनलोड कम्प्लीट’ असं आलेलं असेल. माझ्या हिशेबी ही पोहोच पावती. ती मिळाल्याशिवाय बटवडा झाला असं मी कधी नोकरीत मानलं नाही, आताही मानत नाही.

हल्ली इनबॉक्सच्या यादीतच, मेलच्या नावाखाली, फाइलची लांबुळकी गोळी दिसते. ती दाबली की मेल न उघडताच फाइल समोर येते. सोयीची आहे, पण सर्वांत जास्त घोळ हिच्यामुळेच होतो. फाइल इतकी पटकन दिसते की ती घेतली नाही हे ध्यानातच येत नाही.

बाणाशेजारी कधी कधी एक त्रिकोण दिसतो. तो गूगल ड्राइव्हचा. तो दाबला तर फाइल जपून ठेवली जाते हे खरं, पण तुमच्या फोनमध्ये नाही, गूगलच्या घरात. रेंज असली की मिळेल. बागेत उभं राहून ती मागाल तर परत गोल गोल.

बाण दाबल्यावर फाइल जाते फोनच्या इंटर्नल स्टोरेजमधल्या ‘डाउनलोड’ नावाच्या फोल्डरात. मग ती बँकेची असो, लॅबची असो, नाहीतर पुतण्याच्या लग्नाच्या हॉलचं कोटेशन असो, सगळ्यांचा पत्ता एकच. क्रोममधून उतरवलेला सातबाराही तिथंच असतो. तिथं जायचा दरवाजा मात्र फोनगणिक वेगळ्या नावाचा. कुठं ‘फाइल्स’, कुठं ‘माय फाइल्स’, कुठं ‘फाइल मॅनेजर’. फोन घेतल्यापासून तुम्ही ते कधी उघडलं नसेल तर ते कंपनीच्या नावाच्या फोल्डरात बाकीच्या ॲपांच्या गर्दीत दडलेलं असेल. सगळी ॲप्स दिसतात तिथं वर शोधायची पट्टी असते, तीत ‘फाइल’ टाइप करा. आत गेल्यावर ‘डाउनलोड्स’ अशी पाटी दिसते. एकाच जागेला एका पाटीवर ‘डाउनलोड’ आणि दुसऱ्या पाटीवर ‘डाउनलोड्स’. सांगलीत आमच्या गावभागात एकाच बोळाला तीन नावं होती, नवा पोस्टमन आला की आठवडाभर रडायचा. तसंच हे.

ताई, तुम्ही फाइल मॅनेजरात शोधलंत म्हणता. समजा त्या दिवशी फाइल खरोखर उतरवलेली असती, तरी ती चटकन सापडली असती याची खात्री नाही. कारण लॅबवाले फाइलला नाव देतात ते आकड्यांचं. नमुन्याचा नंबर, तारीख, मध्ये दोन आडव्या रेघा. ‘रिपोर्ट’ हा शब्दही त्यात नसतो, मग ‘रिपोर्ट’ टाइप करून काय सापडणार? अशा वेळी नाव शोधू नका, तारीख शोधा. डाउनलोड्समध्ये गेल्यावर वर क्रम बदलायची खूण असते, तिथं ‘डेट’ निवडा आणि नवी फाइल सर्वांत वर येईल असं करा. फाइल दिसली की तिच्यावर बोट दाबून ठेवा, ‘रिनेम’ निवडा आणि तुम्हाला कळेल असं नाव द्या. मराठीत दिलं तरी फोन कुरकुर करत नाही. ‘रेसिड्यू खालची बाग’ असं साधं नाव चालतं. फक्त शेवटचा टिंब आणि पीडीएफची तीन इंग्रजी अक्षरं पुसू नका, नाहीतर फाइल कशानं उघडायची हे फोनला कळत नाही.

नाव न दिल्याचा परिणाम बघायचा असेल तर आमच्या सकाळच्या फिरण्यातल्या एका मित्राचा फोन बघा. त्यांना पेन्शनची स्लिप मेलवर येते. दर वेळी बाण दाबायचे, दर वेळी सापडायची नाही, म्हणून परत बाण दाबायचे. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कठड्यावर बसून मी त्यांचं डाउनलोड उघडलं तर एकाच महिन्याची स्लिप ११ वेळा. पहिलीला साधं नाव, दुसरीच्या नावापुढं कंसात १, तिसरीपुढं कंसात २, अशी वरात थेट कंसात १० पर्यंत. तुमच्या डाउनलोडमध्ये असे कंसातले आकडे दिसले तर समजा, फाइल आधीपासून घरातच आहे.

आता बागेतल्या रेंजचं. सौदा दुसऱ्या दिवशी सकाळी आहे हे आदल्या रात्री माहीत असतं. तेव्हा रात्री घरीच बाण दाबा. मग एक परीक्षा घ्या. फोन एरोप्लेन मोडवर टाका, म्हणजे नेट पूर्ण बंद, आणि फाइल उघडा. पण जीमेलमधून नको. जीमेल आपल्या ड्रॉवरातली प्रत दाखवून तुम्हाला पुन्हा एकदा फसवेल. फाइल मॅनेजरात जाऊन, डाउनलोडमधून उघडा. उघडली तर ती तुमची, सकाळी बांधावर उभं राहूनही उघडणार. हे करायला एक मिनिट लागतं. एरोप्लेन मोड परत काढायला मात्र विसरू नका. मी एकदा विसरलो आणि अर्धा दिवस कुणाचाच फोन कसा आला नाही म्हणून माणसांवर रुसून बसलो होतो.

खरं तर त्या रात्री त्याहून जवळची वाटही होती. फाइल जीमेलमध्ये उघडलेली असतानाच तीन ठिपक्यांत ‘शेअर’ किंवा ‘सेंड फाइल’ अशी ओळ असते. ती दाबून तिथल्या तिथं व्हॉट्सॲप निवडायचं आणि मालकांच्या नंबरवर पाठवून ठेवायचं. म्हणजे ती दोघांच्या फोनात राहते आणि सकाळी व्यापाऱ्याला फॉरवर्ड करायला सोपं. बागेत रेंज नसेल तर फॉरवर्डही रेंजमध्ये आल्यावरच जाणार, पण निदान त्या माणसाला फोनवरच रिपोर्ट उघडून दाखवता येतो. “साहेबांना हवा असेल तर तुमच्या फोनमध्ये फोटो काढून घ्या” म्हणायचं. पाऊण तास थांबायचं कारण उरत नाही.

जीमेलच्या सेटिंगमध्ये तुमच्या खात्याच्या नावावर गेलात तर ‘डाउनलोड अटॅचमेंट्स’ अशी एक खूण दिसेल. ती बघून बऱ्याच जणांना वाटतं, चला, आता सगळ्या फाइली आपोआप उतरतील. तसं नाही. एक तर ते फक्त वायफायवर चालतं, आणि मणेराजुरीत तुमच्या घरी वायफाय असेल असं मी धरून चालत नाही. दुसरं म्हणजे त्या फाइलीही जीमेलच्याच ड्रॉवरात उतरतात, नेट नसताना जीमेलमध्ये उघडता याव्यात म्हणून. डाउनलोड फोल्डरात त्या येत नाहीत. नाव डाउनलोडचं, पत्ता भलताच. हे नाव ज्यानं दिलं त्याला मी एक महिना बटवड्यावर पाठवला असता.

मी शहाणपण शिकवतोय म्हणून मी कधी आपटलोच नाही असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी मंडळींच्या रक्ताचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट मेलवर आले. मी उघडले, डोळ्याखालून घातले, आणि फार हुशारीनं त्याच रात्री फोनमधली अडगळ काढायला बसलो. स्टोरेजमध्ये जाऊन ‘क्लिअर कॅश’ दाबत सुटलो, शंभर-दोनशे एमबी मोकळे झाले की कॉलर ताठ. दुसऱ्या दिवशी मिरजेत डॉक्टरांकडे. दवाखाना तळघरात, रेंज शून्य. डॉक्टरांनी हात पुढं केला आणि मी फोन पुढं केला, त्यावर तेच गोल गोल. मंडळी काही बोलल्या नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मी जिना चढून रस्त्यावर गेलो, ऊसाच्या गाड्याजवळ उभं राहून दोन्ही फाइलींचे बाण दाबले, पावत्या बघितल्या, परत खाली आलो. तोपर्यंत आमचा नंबर मागं गेला होता. त्या दिवसापासून बाण आधी, वाचन नंतर.

आणि एक धीराची गोष्ट. मेल तुम्ही पुसला नसेल तर मूळ फाइल गूगलकडे जशीच्या तशी असते. फोन विहिरीत पडला तरी असते. दुसऱ्या फोनवर त्याच पत्त्यानं आत गेलात की परत बाण दाबता येतो. मला हे पटलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावभागात घराघरांत शिरलं होतं. आमची कागदांची पत्र्याची पेटी माळ्यावर होती, तिथपर्यंत पाणी येईल असं कोण म्हणेल? आलं. खरेदीखताचे कागद दोरीवर वाळत घातले होते, मंडळींच्या साड्यांशेजारी. तेव्हापासून प्रत्येक कागदाचा फोटो किंवा स्कॅन मी स्वतःच स्वतःला मेल करतो, विषयाच्या जागी मराठीत कागदाचं नाव घालून. पोस्टात असताना लोकांची पत्रं पोचवली, आता स्वतःलाच पत्रं पाठवत बसलोय, असं सून म्हणते. म्हणू दे.

जुना मेल शोधायचा तर जीमेलच्या वरच्या पट्टीत लॅबचं नाव टाइप करा. खाली ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘अटॅचमेंट’, ‘डेट’ अशा छोट्या पट्ट्या येतात. ‘अटॅचमेंट’ दाबली की फक्त फाइल जोडलेले मेल उरतात. छाटणीपासूनचे सगळे रिपोर्ट एका रांगेत.

व्यापाऱ्याची बिलं व्हॉट्सॲपवर येत असतील तर ती मात्र डाउनलोडमध्ये शोधू नका. व्हॉट्सॲप आपल्या फाइली वेगळ्या जागी ठेवतं. नव्या फोनांत इंटर्नल स्टोरेज, मग ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात ‘डॉक्युमेंट्स’. एवढं खोल जाण्यापेक्षा त्या व्यापाऱ्याच्या चॅटमध्ये वर नावावर बोट ठेवा, ‘मीडिया, लिंक्स, डॉक्स’ दिसेल, तिथं सगळी बिलं सापडतात.

प्रश्न : महोदय, मी वाईचा एक निवृत्त प्राध्यापक. काही संपादकमंडळी मला लेखांची मुद्रितं तपासायला ई-मेलवर पाठवतात. मुलानं यंदा आयफोन दिला आहे. यात डाउनलोडचा बाण कुठेच आढळत नाही. मुद्रित उघडते, वाचता येते. परंतु मेल बंद केला की नाहीसे होते. मुलगा परदेशी असल्याने वेळेचा मेळ बसत नाही. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर : सर, आयफोन माझ्याकडे नाही. सुनेचा मागून घेतला, तिच्यासमोर करून बघितलं आणि मगच लिहितोय. तिनं फोन दहा मिनिटांत परत मागितला, म्हणून उत्तर आखूड आहे.

आयफोनमध्ये खाली जाणारा बाण शोधू नका. चौकोनातून वर निघालेला बाण शोधा. मुद्रित उघडल्यावर तो दिसतो. तो दाबला की खालून एक पान वर येतं, व्हॉट्सॲप वगैरेंची चित्रं आणि खाली यादी. त्या यादीत ‘सेव्ह टू फाइल्स’ आहे. ते दाबलं की आयफोन विचारतो, ठेवू कुठं? ‘आयक्लाउड ड्राइव्ह’ की ‘ऑन माय आयफोन’? तुम्हाला मुद्रितं प्रवासात, वाई ते पुणे एसटीत, नेट नसताना वाचायची असतील तर ‘ऑन माय आयफोन’. आयक्लाउडमध्ये ठेवलीत तर तुमच्याच ॲपल खात्यावर चालणाऱ्या दुसऱ्या आयफोन-आयपॅडवरही दिसतील, पण तिथं फुकट जागा ५ जीबीच असते आणि ती फोटोंच्या बॅकअपनंच भरून जाते.

ठेवलेली फाइल मग निळ्या फोल्डरचं चित्र असलेल्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये सापडेल, खाली ‘ब्राउज’ दाबल्यावर. २०१७ च्या आधी आयफोनला हे ॲपच नव्हतं, म्हणून जुन्या आयफोनवाल्या मित्रांना विचारलंत तर ते “आयफोनमध्ये फाइल ठेवताच येत नाही” असं ठामपणे सांगतील. त्यांचं ऐकू नका. मुद्रिताऐवजी कुणी पानाचा फोटो पाठवला असेल तर त्याच यादीत ‘सेव्ह इमेज’ असतं. तो मात्र फाइल्समध्ये न जाता फोटोंमध्ये जातो.

तिथंच एक नवं फोल्डर करा आणि त्याला ‘मुद्रितं’ असं नाव द्या. तपासलेली आणि न तपासलेली वेगळी ठेवायची असतील तर दोन करा. आमच्या सॉर्टिंगच्या कप्प्यांसारखंच आहे ते, फक्त हात काळे होत नाहीत.

प्रश्न : काका, मी विट्याचा, सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. फोन फुल्ल झालाय. डाउनलोड फोल्डरमध्ये तीन सेमिस्टरच्या मेलवरून आलेल्या नोट्स आहेत. त्या डिलीट केल्या तर मेलमधूनपण जातील का? आणि जीमेलपण म्हणतंय जागा संपत आलीय. काय उडवू?

उत्तर : जात नाहीत बाळा. डाउनलोडमधली फाइल ही प्रत आहे आणि मेलमधली मूळ. प्रत फाडली म्हणून मूळ फाटत नाही. उलटंही तसंच, मेल पुसला तरी डाउनलोडमधली फाइल तिथंच राहते. फोन मोकळा करायचा असेल तर डाउनलोडमधल्या नोट्स बिनधास्त उडव, लागल्या तर मेलमधून परत उतरव. पण मेल जागेवर आहे ना हे आधी बघ. उडवलेल्या फाइली बऱ्याच फोनांत आधी ट्रॅशमध्ये जाऊन ३० दिवस पडून राहतात, म्हणजे जागा लगेच मोकळी होत नाही. ट्रॅशही रिकामा करावा लागतो.

जीमेलची जागा हा वेगळा हिशेब. गूगल फुकट देतं ते १५ जीबी, आणि त्यात मेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटो असे तिघं एकाच खोलीत राहतात. तू नोट्स मेलमधून ‘ड्राइव्हला सेव्ह’ करत गेला असशील तर एकच फाइल त्या खोलीत दोनदा बसलीय, एकदा मेलला चिकटून आणि एकदा ड्राइव्हमध्ये. तिथली एक उडव. फोनमधलं डाउनलोड कितीही रिकामं केलंस तरी या १५ जीबीत एका पैचा फरक पडणार नाही. पुसलेले मेलही जीमेलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात आणि तोवर जागा अडवतात.

प्रश्न : परवा व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली. डाउनलोड केली, पण उघडायच्या ऐवजी फोन ‘इन्स्टॉल करू का’ विचारत होता. मी बंद केलं. डाउनलोड झालेली ती फाइल आता कुठं असेल आणि तिनं काही होईल का?
— एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, बंद केलंत, फार बरं केलंत. पत्रिका म्हणजे फोटो नाहीतर पीडीएफ. जी फाइल उघडायच्या ऐवजी इन्स्टॉल व्हायला बघते ती पत्रिका नसून ॲप असतं. नावाच्या शेवटी ए, पी, के अशी तीन इंग्रजी अक्षरं दिसतील. ती आत बसली तर तुमचे बँकेचे ओटीपीचे मेसेज परस्पर वाचू शकते. नुसती उतरून पडलेली असेल आणि तुम्ही ‘इन्स्टॉल’ दाबलं नसेल तर ती निपचित असते. तरी राहू देऊ नका. त्या चॅटमध्ये जाऊन तो मेसेज पुसा, पुसताना खाली ‘फाइलही डिलीट करा’ अशी खूण येते ती ठेवा. मग वर लिहिल्याप्रमाणे व्हॉट्सॲपच्या डॉक्युमेंट्समध्ये आणि डाउनलोडमध्ये, दोन्हीकडे नजर टाका. नंबर ब्लॉक करा. घरात दुसऱ्या कुणी चुकून इन्स्टॉल दाबलं असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

लग्न खरंच असेल तर घाबरू नका. आपल्याकडे अजून पत्रिका आणि अक्षता घेऊन माणूस दारात येतो, चहा घेतो, आणि “सगळ्यांनी यायचं बरं का” असं चपला घालता घालता तीनदा सांगून जातो.